खासगी जमिनीवरून उठवायला आले तर : इंग्लंड-वेल्समधल्या जिप्सी आणि ट्रॅव्हलर कुटुंबांचे हक्क

कॅराव्हॅन, म्हणजे राहायची चाकांवरची गाडी, हलवायला कोणी सांगितले की सर्वांत आधी एकच प्रश्न सोडवायचा असतो. ही गाडी या जमिनीवर कोणत्या हक्काने उभी आहे? मालकाने चार दिवसांची परवानगी दिली आहे, भाड्याच्या पिचवर (कॅराव्हॅन उभी करायच्या आखलेल्या जागेवर) वर्षानुवर्षे बिऱ्हाड आहे, कोणालाही न विचारता तळ पडला आहे, की जमीनच स्वतःच्या नावावर आहे? या चार उत्तरांना चार वेगळे कायदे लागतात आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या. एकाची मुदत दुसऱ्याला लावली की राहते घर जाते, आणि असे वारंवार घडते.

हा लेख इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे निराळे आहेत, ते इथे लावू नका. ब्रिटनमध्ये वकिली, नर्सिंग, शिक्षण किंवा कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) नोकरी करणाऱ्या मराठी माणसांची या कुटुंबांशी गाठ पडते. कधी आपल्याच गोदामाच्या आवारात सकाळी कॅराव्हॅन उभ्या दिसलेला मालकही मराठी असतो. त्या सगळ्यांसाठी हे लिहिले आहे.

थोडी पार्श्वभूमी हवी. इंग्लंडमधल्या रोमानी जिप्सींचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात. गाडी थांबवायच्या जागेला ते ‘ॲचिन टॅन’ म्हणतात. त्यातला ‘टॅन’ आणि आपले ‘ठाण’ हे दोन्ही ‘स्थान’ या एकाच शब्दाचे वंशज आहेत. आयरिश ट्रॅव्हलर हा आयर्लंडमूळचा वेगळा भटका समाज. अपील न्यायालयाने १९८८ मध्ये जिप्सींना वांशिक गट म्हणून मान्यता दिली, आयरिश ट्रॅव्हलरांना ती २००० मध्ये मिळाली, आणि आज दोघांनाही २०१० च्या समानता कायद्याचे संरक्षण आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ७१,४४० जणांनी स्वतःची नोंद जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर अशी केली.

इतक्या थोड्या लोकांना थांबायला जागा का पुरत नाही, याचे उत्तर कायद्यातच आहे. १९६८ च्या कॅराव्हॅन साइट्स कायद्याने त्यांच्यासाठी तळ उभारणे स्थानिक कौन्सिलांचे कर्तव्य ठरवले होते. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याने ते कर्तव्य काढून टाकले आणि त्याच कायद्याने पोलिसांना उठवण्याचे अधिकार वाढवून दिले. वेल्सने २०१४ मध्ये कर्तव्य परत आणले, इंग्लंडने आणलेले नाही. गावाबाहेर पालं टाकलेल्या आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांसोबत काम केलेल्यांना हे चक्र नवे वाटणार नाही.

परवानगीने, थोड्या दिवसांसाठी

शेतकऱ्याने ‘चार दिवस राहा’ म्हटले असेल तर ते लगेच कागदावर घ्या. तारीख, किती गाड्या, कोणत्या दिवसापर्यंत आणि सही इतके पुरे. फोनवरचा संदेशही चालतो, फक्त त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

कॅराव्हॅन ठेवायला जमीनमालकाला एरवी साइट परवाना लागतो. पण १९६० च्या कॅराव्हॅन कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात काही सवलती आहेत. एकच कॅराव्हॅन सलग दोन रात्रींपेक्षा जास्त नाही आणि वर्षभरात एकूण २८ दिवसांपेक्षा जास्त नाही, अशी राहिली तर परवाना लागत नाही. जमीन पाच एकर किंवा त्याहून मोठी असेल तर एका वेळी तीन कॅराव्हॅन चालतात, तिथेही वर्षाला २८ दिवसांची मर्यादा आहे. हंगामी शेतकामाला आलेल्या मजुरांच्या कॅराव्हॅनना त्या शेतावर वेगळी सूट आहे. ‘मला कौन्सिल दंड करील’ या भीतीने होकार मागे घेणाऱ्या मालकाला ही परिशिष्टाची ओळ दाखवली की पुष्कळदा प्रश्न मिटतो.

मालकाने परवानगी मागे घेतली तरी कुटुंब त्याच क्षणी बेकायदा ठरत नाही. सामान आवरून निघायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क असतो. वाजवी म्हणजे किती, हे परिस्थितीवर ठरते: किती गाड्या आहेत, कोणी आजारी आहे का, टोईंगची गाडी नादुरुस्त आहे का.

भाड्याच्या पिचवर

खासगी साइटवर पिच भाड्याने घेऊन कॅराव्हॅन हेच एकमेव किंवा मुख्य घर असेल, तर १९८३ च्या मोबाइल होम्स कायद्याचे संरक्षण मिळू शकते. वेल्समध्ये त्याची जागा २०१३ च्या वेल्स कायद्याने घेतली आहे. हे संरक्षण भक्कम आहे आणि ते माहीत नसल्यामुळे लोक स्वतःहून निघून जातात, याचे फार वाईट वाटते.

मालक नुसती नोटीस देऊन करार संपवू शकत नाही. त्याला न्यायालयात जावे लागते आणि तीनपैकी एक कारण सिद्ध करावे लागते. पहिले, कराराचा भंग झाला, तो सुधारण्याची नोटीस दिली आणि वाजवी वेळेत सुधारणा झाली नाही. दुसरे, रहिवासी तिथे मुख्य घर म्हणून राहतच नाही. तिसरे, कॅराव्हॅनची अवस्था इतकी वाईट आहे की साइटला बाधा येते. कारण सिद्ध झाले तरी करार संपवणे वाजवी आहे का, हे न्यायालय पाहते. थकबाकीचा दावा असेल तर तारखेआधी रक्कम भरा किंवा हप्त्यांचा लेखी प्रस्ताव द्या. नोटिशीत लिहिलेला भंग नेमका कोणता ते वाचा आणि सुधारणा केल्याचे तारीख दिसेल असे फोटो काढा. रहिवाशाला स्वतः सोडायचे असेल तर मात्र चार आठवड्यांची लेखी नोटीस पुरते.

‘लेखी करारच नाही, मग हक्क कसला?’ हा प्रश्न नेहमी येतो. तोंडी करारालाही कायद्याने ठरवलेल्या अटी आपोआप लागतात. उलट लेखी पत्रक न देणाऱ्या मालकाला स्वतःच्या खास अटी रहिवाशावर लादता येत नाहीत. भाडे रोखीत जात असेल तर आजपासून पावती मागा. पावती मिळत नसेल तर रक्कम आणि तारीख लिहून मालकाला त्याच दिवशी संदेश पाठवा.

अडचण येते ती साइटच्या कागदपत्रांत. प्लॅनिंग परवानगी (जमीन कशासाठी वापरायची याची कौन्सिलची परवानगी) फक्त सुट्टीच्या किंवा हंगामी वापरासाठी असेल तर हा कायदा लागत नाही. परवानगीच नसलेल्या जागेवर संरक्षण मिळेलच असे धरून चालू नका. परवानगीची मुदत संपणार असेल तर करारही तिच्यासोबत संपू शकतो. प्लॅनिंगचे हे कागद कौन्सिलच्या संकेतस्थळावर जमिनीच्या पत्त्याने सापडतात. ते आधी काढा, मग वकिलाकडे जा.

न्यायालयाच्या हुकुमाशिवाय अशा संरक्षण असलेल्या साइटवरून रहिवाशाला काढणे, किंवा त्याने निघून जावे म्हणून पाणी-वीज तोडणे, रस्ता अडवणे, धमकावणे हा इंग्लंडमध्ये १९६८ च्या कॅराव्हॅन साइट्स कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. असे झाले की कौन्सिलला लेखी कळवा, कारण खटला भरण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून पोलीस परत जाऊ लागले तर त्यांना कलमाचा आकडा सांगा. ताब्याचा हुकूम झालाच तर कलम ४ खाली न्यायालय तो बारा महिन्यांपर्यंत स्थगित करू शकते, मात्र साइटला परवाना असायला हवा. ही स्थगिती मागावी लागते.

परवानगीशिवाय पडलेला तळ

सर्वांत कमी हक्क इथे आहेत आणि सर्वांत घाईही इथेच होते. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

कोणी ‘निघा’ म्हणाले की ते कोण आहेत ते विचारा. जमिनीचा मालक, कसणारा भाडेकरू, त्यांनी नेमलेली खासगी बेलीफ कंपनी, की पोलीस? नाव, वेळ आणि वापरलेले शब्द टिपून ठेवा, कारण पुढची जवळजवळ सगळी कलमे ‘निघून जायला सांगितले होते का’ या मुद्द्यावर उभी आहेत. खासगी कंपन्यांच्या कागदावर ‘२४ तास’ असे ठळक छापलेले असते. तो आकडा कोणत्याही कायद्यात नाही, ती त्यांची रीत आहे. पण याचा अर्थ २४ तास नक्की मिळतात असाही नाही.

सामान्य कायद्यानुसार मालक न्यायालयात न जाताही उठवू शकतो: आधी जायला सांगायचे, नकार मिळाला तर वाजवी बळ वापरायचे. या मार्गाला मर्यादा आहेत. १९७७ च्या फौजदारी कायद्यात राहण्यासाठी बनवलेले वाहनसुद्धा इमारतीच्या व्याख्येत येते. त्यामुळे आत माणूस विरोध करत असताना कॅराव्हॅनमध्ये जबरदस्तीने शिरणे गुन्हा आहे. गाड्यांची मोडतोड, मुलांसमोर शिवीगाळ, मारहाण यांतले काहीही वाजवी बळात बसत नाही. पोलीस तिथे शांतता राखायला येतात, मालकाचे काम करायला नव्हे. मोबाइलवर चित्रीकरण करा, हातापायीवर उतरू नका.

मालक न्यायालयात गेला तर वेग किती असतो ते समजून घ्या. काउंटी कोर्टातला हा ताब्याचा दावा बहुतेकदा ‘अज्ञात व्यक्तीं’विरुद्ध असतो. नावे माहीत नसतील तर कागद फाटकाला चिकटवतात, किंवा पारदर्शक पाकिटात घालून जमिनीत रोवलेल्या खुंट्यांना लावतात. मोकळ्या जमिनीसाठी सुनावणीच्या किमान दोन दिवस आधी कागद लागले पाहिजेत. या दोन दिवसांत शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या धरत नाहीत. खुंटी दिसली की तिचा फोटो काढा, तारीख-वेळेसह. पावसाने पाकीट पडले, कोणी फेकले आणि सुनावणी झाल्यावरच कळले, असे होते.

कागद हातात आल्यावर या चार गोष्टी तपासा:

१. दावा करणाऱ्याचा जमिनीवर हक्क काय आहे, हे लिहिले आहे का? मालकीचा उतारा किंवा भाडेपट्टा जोडला आहे का?
२. नकाशावरची लाल रेघ खरोखर तळ असलेल्या तुकड्याभोवती आहे का? जिथे तळ पडलेलाच नाही अशा दूरच्या जमिनीसाठी ताब्याचा हुकूम मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे.
३. साक्षीदारांची लेखी निवेदने दाव्यासोबतच दिली आहेत का? ती मागाहून देऊन चालत नाही.
४. मधल्या दोन कामकाजाच्या दिवसांची मोजणी बरोबर आहे का?

लेखी जबाब आधी दाखल करायची गरज नाही, सुनावणीला हजर राहिले तरी चालते. म्हणून एकाने तरी जावेच. वरच्यापैकी एक त्रुटी असेल, किंवा ‘आम्हाला परवानगी होती’ यात तथ्य असेल, तर तहकुबी मागता येते. परवानगी नव्हतीच आणि कागद चोख असतील, तर न्यायाधीश हुकूम देतात. घुसखोर ठरलेल्यांना मुदत देण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, हे १९७३ पासून ठरलेले आहे. मालक खासगी असेल तर खासगी जीवनाच्या मानवी हक्काचा बचावही फारसा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर तो मार्ग जवळजवळ बंद झाला. हुकुमानंतर बेलीफ येण्याआधी वेगळी नोटीस मिळेल असे समजू नका.

मग वेळ मिळवायचा कुठून? मालकाकडून, आणि तो शक्यतो पहिल्याच दिवशी. न्यायालय देऊ शकत नाही ते मालक एका सहीने देऊ शकतो. एका माणसाने सगळ्यांच्या वतीने बोलावे. निघण्याची ठरावीक तारीख द्यावी, तिचे खरे कारण द्यावे (रुग्णालयाची वेळ, परीक्षा, अंत्यविधी), गाड्यांची संख्या सांगावी, कचऱ्याच्या पिशव्या आणि शौचालयाची सोय कशी करणार ते सांगावे. मालकाला कागदावर ‘अमुक तारखेपर्यंत तात्पुरती परवानगी, त्यानंतर जागा रिकामी’ असे लिहून द्यावे आणि त्याची सही घ्यावी. ही परवानगी चालू आहे तोवर कुटुंब घुसखोर नाही, आणि ‘परवानगीशिवाय राहणे’ हा पाया असलेली पोलिसांची कलमे लागू होत नाहीत. मालकाचाही वकिलाचा आणि बेलीफांचा खर्च वाचतो. लीड्समध्ये ‘वाटाघाटीने थांबा’ या नावाने कौन्सिल आणि ट्रॅव्हलर संस्था हेच करत आल्या आहेत. दिलेली तारीख पाळणे मात्र फार महत्त्वाचे, कारण ती मोडली की पुढच्या कुटुंबाला तो मालक फाटकाशीही उभे करत नाही.

आता पोलीस. १९९४ च्या कायद्याच्या कलम ६१ खाली जागेवर हजर असलेला वरिष्ठ अधिकारी निघून जाण्याचा आदेश देऊ शकतो. त्यासाठी तिथे किमान दोन माणसे राहण्याच्या हेतूने आलेली हवीत, मालकाने जायला सांगण्याची वाजवी खटपट केलेली हवी, आणि त्यापुढे एकतर नुकसान, व्यत्यय किंवा त्रास झालेला हवा, नाहीतर सहा किंवा जास्त वाहने हवीत. इथे मोजणीत चूक होते: कॅराव्हॅन हे वेगळे वाहन धरतात. तीन गाड्या आणि तीन कॅराव्हॅन म्हणजे सहा. कलम ६२-ए वेगळे आहे. त्यात एक वाहनही पुरते, पण कौन्सिलच्या हद्दीत योग्य पिच उपलब्ध असावी लागते. ती कुठे आहे, असे विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

कलम ६०-सी हे २८ जून २०२२ पासून लागू झालेले नवे फौजदारी कलम. १८ किंवा जास्त वयाची व्यक्ती, परवानगीशिवाय वाहनासह मुक्काम, जायला सांगूनही शक्य तितक्या लवकर न जाणे, एवढे सगळे असले तरी भागत नाही. मोठे नुकसान, मोठा व्यत्यय, किंवा आक्षेपार्ह वागण्यामुळे मोठा मनस्ताप, हे झालेले किंवा होण्याची शक्यता असलेले दाखवावे लागते. ‘मोठा’ हा शब्द कायद्यातच आहे. शेजाऱ्यांना तळ आवडला नाही, एवढ्याने गुन्हा होत नाही. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,५०० पौंडांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस वाहन जप्त करू शकतात, आणि ते वाहन म्हणजे मुलांचे अंथरूण, औषधे, चूल सगळे असते. म्हणून औषधे, ओळखपत्रे आणि बाळाच्या गरजेच्या वस्तू एका पिशवीत हाताशी ठेवा. जायला न जमण्याचे वाजवी कारण असेल तर तो कायद्याने मान्य बचाव आहे. गाडी बंद पडली असेल तर मेकॅनिकची पावती, बाळंतपण असेल तर मिडवाइफचे पत्र अधिकाऱ्याला तिथेच दाखवा.

२०२२ मध्ये याच कलमांतली परत न येण्याची मुदत तीन महिन्यांवरून बारा महिने केली गेली. १४ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ही वाढ मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे जाहीर केले. मात्र अशा जाहीरनाम्याने कलम रद्द होत नाही, संसदेने बदल करेपर्यंत ते लागू राहते. त्यामुळे परत येण्याआधी त्या दिवशीचा कायदा तपासून घ्या.

कौन्सिलही १९९४ च्याच कायद्याच्या कलम ७७ खाली खासगी जमिनीवरच्या तळाला जाण्याचा आदेश देऊ शकते. तिथे कुटुंबाच्या हाती थोडे जास्त असते, कारण कौन्सिलने आधी चौकशी करायला हवी: गरोदर बाई आहे का, तान्हे मूल, आजारी माणूस, शाळेत जाणारी मुले? माणुसकीचा हा विचार टाळता येत नाही, हे न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला टाळण्यापेक्षा सगळी माहिती पुराव्यासकट द्या. ती न पाहता आदेश निघाला तर त्याला आव्हान देता येते.

स्वतःची जमीन, पण प्लॅनिंग परवानगी नाही

इथे उठवणारा मालक नसतो, कौन्सिल असते. अंमलबजावणीची नोटीस (विनापरवाना वापर थांबवा असे सांगणारी) आली की तीत ‘अमुक तारखेपासून लागू’ असे लिहिलेले असते. ती तारीख नोटीस मिळाल्यापासून किमान २८ दिवसांनी असते. अपील त्या तारखेच्या आधी पोचलेच पाहिजे, एक दिवस उशीर झाला तरी माफी नाही. वेळेत अपील गेले की निकालापर्यंत नोटीस थांबते. अपिलात परवानगीचे कारण मांडत असाल तरी ‘जागा सोडायला दिलेला वेळ अपुरा आहे’ हे कारणही नक्की घाला, कारण पहिले हरले तरी दुसऱ्यावर काही महिने मिळू शकतात. ‘तात्पुरती थांबवा’ नोटीस वेगळी आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून ती ५६ दिवस चालते आणि तिच्यावर अपील नाही.

कौन्सिलने मनाई हुकूम मागितला असेल तर तो मोडणे म्हणजे न्यायालयाचा अवमान, त्यात तुरुंगवास होऊ शकतो. पण हुकूम देण्याआधी न्यायालयाने कुटुंबाची परिस्थिती, मुलांचे हित आणि पर्यायी जागा आहे का हे स्वतः तोलले पाहिजे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) २००३ मध्ये ठरवले. म्हणून डॉक्टरांची आणि शाळेची पत्रे इथे फार मोलाची. सुट्टीच्या विकेंडला खडी टाकून गाड्या आणायच्या आणि मग अर्ज करायचा, हा मार्ग टाळा. जाणूनबुजून केलेले विनापरवाना काम इंग्लंडमध्ये २०१५ पासून अर्जाच्या विरोधात धरले जाते. एसेक्समधल्या डेल फार्मची जमीन ट्रॅव्हलरांच्याच मालकीची होती, तरी दहा वर्षांच्या झगड्यानंतर ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे ८० कुटुंबांना दंगलविरोधी पोलिसांनी हटवले.

सोबत करायच्या गोष्टी

कॅराव्हॅन आहे पण ती कायदेशीरपणे उभी करून राहायला जागा नाही, अशी व्यक्ती इंग्लंडमध्ये १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम १७५ नुसार बेघर ठरते. वेल्समध्येही तशीच तरतूद आहे. उठवण्याची वाट न पाहता कौन्सिलकडे बेघर म्हणून अर्ज करा. ‘तुमच्याकडे गाडी आहे ना’ हे उत्तर चुकीचे आहे. विटांच्या घरात राहणे कुटुंबाला का जमत नाही हे अर्जात लिहा. कौन्सिलला त्याचा विचार करावा लागतो, मात्र पिच मिळतच नसेल तर ती घर देऊ करू शकते.

सरकारी कायदेशीर मदत भाड्याच्या पिचवरच्यांना मिळू शकते. सुरुवातीपासून घुसखोर असलेल्यांना ताब्याच्या दाव्यासाठी ती मिळत नाही. म्हणून एके काळी परवानगी होती याचा एखादा संदेश, एखादी पावती असेल तर तीच वकील मिळण्या-न मिळण्यातला फरक ठरते. फ्रेंड्स, फॅमिलीज अँड ट्रॅव्हलर्स ही ब्रायटन भागातली संस्था सल्ला देते. वाचता-लिहिता न येणाऱ्या मोठ्यांची संख्या या समाजात लक्षणीय आहे. तेव्हा नोटीस मोठ्याने वाचून दाखवा, त्यातली तारीख त्यांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये गजर लावून टाका, आणि फोटो वकिलाला त्याच संध्याकाळी पाठवा.